"सगळे चोर आहेत" असं मी मुलीला सांगितलं, चुकलं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी पुण्याचा, वय 48, एका कंपनीत सुपरवायझर. सिंहगड रोडने पुढे गेलं की जी गावं 2021 मधे महापालिकेत आली त्यातल्या एका गावात आमची सोसायटी आहे. टॅक्स महापालिकेला भरतो, पाणी मात्र टँकरचं. पंचवीस वर्षं एकही मतदान चुकवलं नाही. पण 2019 ला ज्या पक्षाला मत दिलं तो पक्षच फुटला, आणि ज्यांच्या विरोधात मत दिलं होतं त्यांच्याच मांडीला मांडी लावून आपले लोक बसले. त्यानंतर मनच उडालं. निवडणूक आयोगाने पालिकेची निवडणूक मुद्दाम चार वर्षं लांबवली आणि यंदा 15 जानेवारीला घेतली तेव्हा मी घरीच बसलो, वाईटही वाटलं नाही. आता मुलगी 18 ची झालीये, तिने विचारलं बाबा मतदार यादीत नाव कसं टाकायचं. मी म्हणालो काही उपयोग नाही गं, सगळे चोर आहेत, आयोग त्यांचा, कोर्ट त्यांचं. तिने फॉर्म अर्धवट सोडून दिला. बायको म्हणते तुम्ही स्वतःचं नैराश्य तिच्यावर लादताय. त्यात सोसायटीवाले म्हणतात पाण्यासाठी एका कार्यकर्त्याकडे जाऊ, तो काम करून देतो, तुम्ही सेक्रेटरी म्हणून सही करा. मला त्यात पडायचं नाही. मुलीला मी खोटं सांगू का, की मत दिल्याने सगळं बदलतं?

---

नमस्कार दादा,

खोटं अजिबात सांगू नका. मुलं मोठी झाली की त्यांना लगेच कळतं आणि मग आपलं बाकीचंही ऐकेनाशी होतात. पण तुम्ही जे सांगितलंत ते खरं होतं का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्यावरच सविस्तर लिहितेय.

आधी एक, तुमचा राग खोटा नाही. तुमच्या गावाचंच बघा. जून 2021 ला 23 गावं महापालिकेत घेतली, ग्रामपंचायत बरखास्त झाली. मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. मग जानेवारी 2026 उजाडला तेव्हा कुठे निवडणूक झाली. म्हणजे सरपंच गेला आणि नगरसेवक आला नाही अशी तुमची साडेचार वर्षं गेली, या काळात पाण्याबद्दल बोलायचं तर लोकांनी निवडून दिलेलं माणूसच पालिकेत नव्हतं. वर मार्च 2023 मधे पुण्याच्या खासदारांचं निधन झालं आणि पोटनिवडणूक झालीच नाही, डिसेंबर 2023 मधे हायकोर्टाने आयोगाला सांगितलं की ताबडतोब घ्या, जानेवारीत सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, आणि एवढं मोठं शहर वर्षभराहून जास्त काळ खासदाराशिवाय राहिलं. पक्ष फुटले ते वेगळंच. एवढं सगळं बघून ज्याचा विश्वास डळमळला नाही त्याचंच मला आश्चर्य वाटेल, तेव्हा "तुम्ही फार निगेटिव्ह झालाय" असं कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. आणि तुम्ही एकटेही नाही, लोकनीतीसारख्या संस्थांच्या सर्व्हेमधे लोकांचा विश्वास कुणावर आहे हे विचारतात तेव्हा सैन्य सगळ्यात वर असतं आणि राजकीय पक्ष अगदी तळाशी, हे वर्षानुवर्षं चालत आलंय.

पण तुमच्या पत्रात पक्ष, आमदार, पालिका, आयोग, कोर्ट हे सगळं एकाच वाक्यात येतं, आणि "सगळे" म्हटलं की नेमकं कोण हे सांगायची गरजच उरत नाही, माझी अडचण तिथे आहे. तुमचंच वाक्य घेऊ, "निवडणूक आयोगाने पालिकेची निवडणूक मुद्दाम लांबवली." लोकसभा विधानसभा घेतो तो भारत निवडणूक आयोग, दिल्लीचा. महापालिका, झेडपी, पंचायत समिती घेतो तो राज्य निवडणूक आयोग, ती पूर्ण वेगळी संस्था आहे. आणि चार वर्षं गेली कशात? ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या भानगडीत. आघाडी सरकारने तीनचा प्रभाग (म्हणजे एका प्रभागातून तीन नगरसेवक) केला, 2022 ला दुसरं सरकार आलं त्यांनी ते फिरवून परत चारचा केला, प्रकरण सुप्रीम कोर्टात, तारखांवर तारखा. मे 2025 मधे कोर्टाने सांगितलं चार महिन्यात घ्या, तेही झालं नाही, मग 31 जानेवारी 2026 च्या आत उरका असं बजावलं तेव्हा 15 जानेवारी उगवली. म्हणजे दोष कुणाचा? दोन्ही बाजूंच्या सरकारांचा आहे, कोर्टात एवढा वेळ लागला त्याचाही आहे, आणि निवडणूक शेवटी झाली तीही कोर्टाने दट्ट्या लावला म्हणूनच. हे तुम्ही मुलीला असं सांगितलं असतंत तर तिच्या हातात काहीतरी आलं असतं. "सगळे त्यांचेच" यातून तिच्या हातात काय आलं?

तसंच पक्षफुटीचं. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 चा आहे, 2003 ला दुरुस्ती होऊन "एक तृतीयांश फुटले तर चालतंय" ही पळवाट बंद केली. तरीही आपल्याकडे 2022 आणि 2023 ला दोन पक्ष फुटले आणि एकही आमदार अपात्र ठरला नाही. कारण आमदार अपात्र आहे की नाही हे ठरवतात विधानसभा अध्यक्ष, जे स्वतः कुठल्यातरी पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात. दुखणं नेमकं इथे आहे, आणि हे मी म्हणत नाही, 2020 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानेच संसदेला सुचवलंय की हे काम अध्यक्षांकडून काढून निवृत्त न्यायाधीशांच्या कायमस्वरूपी लवादाकडे देण्याचा विचार करा. संसदेने केलेलं नाही. पुढच्या वेळी तुमच्या दारात कुठल्याही पक्षाचा उमेदवार आला ना, तर त्याला "तुम्ही सगळे चोर" म्हणून दार लावण्यापेक्षा हे विचारा की बाबा हा अधिकार अध्यक्षांकडून काढायला तुमचा पक्ष तयार आहे का, हो की नाही. पहिलं ऐकून तो हात जोडून पुढच्या मजल्यावर जातो, त्याची सवय आहे त्यांना. दुसऱ्याचं उत्तर त्याच्याकडे तयार नसतं.

"कोर्ट त्यांचं" म्हणालात त्याबद्दलही बोलू. कोर्टाबद्दल तक्रारी भरपूर आहेत, मलाही आहेत, कल्याणीनगरच्या 2024 च्या अपघातानंतर गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला 300 शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला तेव्हा अख्खं पुणे संतापलं होतं आणि तो संताप योग्यच होता (बाल न्याय मंडळाचा निर्णय होता तो, आणि गदारोळ झाल्यावर त्यांनाच तो फिरवावा लागला). पण इलेक्टोरल बाँडचं आठवा. कुणी कुठल्या पक्षाला किती पैसे दिले हे तुम्हाआम्हाला कळूच नये अशी ती योजना होती, 15 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली. स्टेट बँक म्हणाली माहिती द्यायला 30 जूनपर्यंत वेळ द्या, म्हणजे निवडणूक होऊन गेल्यावर, तर कोर्टाने तेही फेटाळलं आणि मार्चमधे नावं आकडे सगळं वेबसाईटवर आलं. आज आपण उमेदवारावर किती गुन्हे आहेत, प्रॉपर्टी किती हे मोबाईलवर बघतो ना, तेही असंच, 2002 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, मग सर्व पक्षांनी मिळून त्यातून पळवाट काढणारा कायदा केला, मग 2003 ला कोर्टाने तो कायदाही उडवला. या प्रत्येक केसच्या मागे कुणीतरी अविश्वास दाखवणारी माणसंच होती. तुमच्याइतकाच अविश्वास, फक्त तो त्यांनी कागदावर मांडला आणि कुणावर, कशासाठी हे लिहिलं.

आपल्या पुण्याची तर ही जुनी सवय आहे. 1870 मधे सार्वजनिक सभा स्थापन झाली ती कशातून, तर पर्वती देवस्थानच्या कारभारावर लोकांचा भरवसा उरला नव्हता त्यातून. ग. वा. जोशी, ज्यांना पुढे सार्वजनिक काका म्हणायला लागले, त्यांनी आणि बरोबरच्या लोकांनी नियम असा केला की सभेचं सभासद व्हायचं तर किमान 50 माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. मी जनतेच्या वतीने बोलतो असं नुसतं म्हणून चालणार नाही, कुठली जनता त्यांची नावं दाखव. इंग्रजांचं राज्य, मत द्यायचा अधिकार नाही, काही नाही, आणि तरी ही कल्पना! मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आज आपल्याला मताचा अधिकार आहे पण "तू नक्की कुणाच्या वतीने बोलतोस" हा प्रश्न आपण विचारायचा सोडून दिलाय.

दादा, तुमच्या पत्राखाली एक समजूत दिसते मला, की आधी विश्वास पाहिजे आणि मग भाग घ्यायचा. पक्षावर विश्वास ठेवायलाच पाहिजे असं कुठे आहे? आपण दूधवाल्याचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो ते काही तो चोर आहे म्हणून नाही आणि तो देवमाणूस आहे म्हणूनही नाही, महिन्याच्या शेवटी हिशोब लागावा म्हणून. निवडणुकीची यंत्रणासुद्धा अशीच संशय गृहीत धरून बनवलीये. विधानसभा लोकसभेला मतदान सुरू व्हायच्या आधी उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान 50 मतांचा मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, घ्यावा लागतो, संध्याकाळी किती मतं नोंदली त्याचा फॉर्म 17सी भरून त्याची प्रत एजंटला द्यावी लागते, म्हणजे मोजणीच्या दिवशी आकडा जुळतो का बघता येतं. पण त्यासाठी बूथवर एजंट बसलेला पाहिजे, आणि तो दिवसभर जागचा हललेला नको. ईव्हीएमवर शंका घेणारे माझ्याकडे खूप पत्रं पाठवतात, त्यांना माझं हेच सांगणं असतं की शंका जरूर घ्या, पण मग एक दिवस काढून बूथवर बसा, ज्या उमेदवाराबद्दल थोडं तरी बरं वाटतं त्याचे एजंट म्हणून बसा, आणि 17सी चा फोटो ठेवा.

आता मत न देण्याबद्दल. तुम्ही 15 जानेवारीला घरी बसलात तो तुमच्या मनात निषेध होता. पण बाहेर त्याची नोंद कुठेच नाही, आजारी माणूस, लोणावळ्याला गेलेला माणूस आणि चिडलेला माणूस तिघांचीही नोंद एकच, गैरहजर. ज्यांची मतं बांधलेली असतात त्यांना तर हे बरंच पडतं, जेवढे कमी लोक येतील तेवढी त्यांच्या गठ्ठ्याची किंमत जास्त. निषेधच करायचा होता तर नोटा, म्हणजे "यापैकी कोणी नाही" हे बटण होतं, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगते, लोकसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारातला पहिलाच निवडून येतो, पण आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मधे आदेश काढला की स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं मिळाली तर तिथे परत निवडणूक घ्यायची. (परत घेतल्यावरही नोटाच पुढे असेल तर मात्र उमेदवारांमधला पहिला विजयी.) शिवाय तुमचा प्रभाग चार जणांचा, म्हणजे तुमच्याकडे एक नाही चार मतं होती, दोन ठिकाणी नोटा आणि दोन ठिकाणी त्यातल्या त्यात बरा माणूस असंही करता आलं असतं. झालं ते झालं. पण हे मुलीला सांगा.

पाण्याचं बोलू, कारण मला वाटतं तुमचा खरा राग तिथे आहे. जानेवारी 2025 मधे तुमच्याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रोड, जीबीएसचे (गियान बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट निघाले तेव्हा पाणी हा किती जिवाचा प्रश्न आहे ते सगळ्यांनी बघितलं. त्या वेळी सगळंच कोसळलं होतं असंही नाही, डॉक्टरांनी पेशंट वाढतायत हे ओळखलं, आपल्या इथल्याच एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) नमुने तपासले, पालिकेने टँकरचं आणि आरओ प्लांटचं पाणी तपासायला घेतलं. उशिरा, दबावाखाली, पण घेतलं. आता तुम्ही विचारायचा प्रश्न असा की त्यानंतर तुमच्या भागातलं पाणी कधी कधी तपासलं आणि रिपोर्ट काय आले. हे माहिती अधिकारात मिळतं, अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसात उत्तर द्यायचं बंधन, नाही दिलं तर पहिलं अपील त्याच ऑफिसच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एका विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो म्हणून फापटपसारा नको, "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक भागातल्या पाणी तपासणी अहवालांच्या प्रती" एवढंच. त्याच्याही आधी एक सोपा मार्ग करून बघा, सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना फाईल बघू द्यायची ही पद्धत पुणे महापालिकेनेच सुरू केली आणि 2018 ला राज्य सरकारने ती सगळ्या जिल्ह्यांना लागू केली. ती सध्या चालू आहे का हे आधी विचारून घ्या, मग जा आणि फाईल मागा. कधी साहेब जागेवर नसतात, कधी फाईल "वर गेलीये" म्हणतात, तरी जा, कारण कोणीतरी बघायला येतंय हे कळलं की कागद नीट ठेवले जातात.

हे सगळं करून पाणी येईलच असं मी लिहून देणार नाही. मोठी पाईपलाईन, टाक्या ही कोट्यवधींची कामं, वर्षं लागतात. पण छोटी कामं होतात, दिवे, ड्रेनेजचं झाकण, फुटपाथ. पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सूचना बजेटमधे घ्यायची पद्धत आहे, साधारण ऑगस्ट सप्टेंबरच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म घेतात, आणि अगदी कमी लोक भरतात. या वर्षी तुमच्या सोसायटीतून भरा.

एक काळजीचं बोलते. माहिती अधिकार वापरणाऱ्यांना या भागात किंमत मोजावी लागलीये, तळेगावच्या सतीश शेट्टींचा 2010 मधे भर रस्त्यात खून झाला. पाण्याचा रिपोर्ट मागितला म्हणून तुम्हाला कोणी हात लावेल असं वाटत नाही, पण टँकर, बोअर, जमीन इथे पैशाचे संबंध असतात. म्हणून एकट्याने हिरो होऊ नका. चार पाच घरांनी वेगवेगळे अर्ज करा, कार्यालयात तिघंचौघं मिळून जा, आणि जे कराल ते सोसायटीच्या मीटिंगमधे सांगून करा.

कार्यकर्त्याकडे जायचं का, तर जा की. कार्यकर्ता म्हणजे वाईटच असं नाही, साडेचार वर्षं नगरसेवक नव्हते तेव्हा रात्री अपरात्री ॲम्ब्युलन्स आणि टँकर याच लोकांनी बघितलेत. गडबड तिथे होते जिथे हक्काचं काम उपकार म्हणून दिलं जातं आणि मग पाच वर्षांनी त्याची परतफेड मागतात. त्यामुळे अर्ज त्याच्या नावाने नको, महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाच्या नावाने आणि प्रभागाच्या चारही नगरसेवकांना प्रत, ते कुठल्याही पक्षाचे असोत. चारचा प्रभाग असला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून चौघांना एकाच दिवशी द्या. खाली सह्या एका सेक्रेटरीच्या नकोत, सगळ्या फ्लॅटच्या घ्या. आवक क्रमांक पडलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कार्यकर्ता बरोबर आला तर येऊ दे, त्याचे आभारही माना. बॅनरवर सोसायटीचं नाव टाकू का विचारलं तर नको म्हणा.

राहिली मुलगी. बायको म्हणते तुम्ही लादताय, मला वाटतं तुम्ही तिला वाचवायला बघत होतात, आपल्याला जो चटका बसला तो तिला नको. पण तिने तुम्हाला पक्ष चांगले आहेत का हे विचारलंच नव्हतं. फॉर्म कसा भरायचा एवढंच विचारलं होतं. ती तुमच्यापेक्षा वेगळी माणसं बघेल, वेगळं ठरवेल, कदाचित पाच वर्षांनी तुमच्यासारखीच चिडेल, ते तिचं तिला ठरवू द्या. तुम्ही तिला तुमचा निष्कर्ष दिलात, त्याच्याऐवजी अनुभव द्या, 2019 ला काय वाटलं होतं, कुणाला मत दिलं, नंतर काय झालं, पालिकेची निवडणूक का अडकली. तिच्याबरोबर बसून तुमच्या आमदाराचं शपथपत्र उघडून बघा, गुन्हे, संपत्ती, मागच्या वेळचं आणि या वेळचं शेजारी शेजारी ठेवून. तिचे प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळे असतील.

नाव नोंदवायचा फॉर्म 6 ऑनलाईन भरता येतो, फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. आता वर्षातून चार तारखा धरतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर, त्या दिवशी 18 पूर्ण असलं की झालं, आणि 17 पूर्ण असेल तर आधीच अर्ज करून ठेवता येतो, हे तिच्या मैत्रिणींनाही सांगा. भरल्यावर बीएलओ (तुमच्या मतदान केंद्राची यादी बघणारे अधिकारी) पडताळणी करतात, घराला कुलूप दिसलं तर अर्ज अडकू शकतो म्हणून फोन नंबर चालू असलेला द्या. आणि नाव आलं असेल असं गृहीत धरू नका, यादीत स्वतः बघा, तुमचं आणि बायकोचंही बघा कारण गाव पालिकेत गेल्यावर याद्या बऱ्याच हलल्यात. चूक असेल तर फॉर्म 8, काही अडलं तर 1950 ला फोन. हे पुढच्या निवडणुकीची घोषणा व्हायच्या बरंच आधी करा, शेवटच्या आठवड्यात साईटही चालत नाही आणि बीएलओही सापडत नाहीत.